ड्यूटीचा तक्ता आणि शर्यतीचा मोसम

वैद्यकीय शिक्षण घेत असताना सायकल शर्यतींत उतरणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "एवढा वेळ कुठून काढता?" हा प्रश्न आपुलकीने विचारला जातो आणि त्याचे उत्तरही मी नेहमी मनापासून देत आले आहे. मात्र विद्यार्थिदशा, इंटर्नशिप आणि आता निवासी डॉक्टर म्हणून चाललेले प्रशिक्षण या तिन्ही टप्प्यांत सायकल सोबत ठेवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मूळ अडचण तासांची नाहीच. तास शोधले तर सापडतात. पहाटे सापडतात, संध्याकाळच्या राउंडनंतर सापडतात, पोस्टिंग हलके असेल तर चक्क भर दुपारीही सापडतात. जी गोष्ट शोधून सापडत नाही आणि साठवूनही ठेवता येत नाही, ती म्हणजे शरीराचे सावरणे. सराव म्हणजे शरीराला दिलेला ताण. त्या ताणातून शरीर सुधारते ते सराव संपल्यावर, जेवताना आणि झोपेत. रुग्णालयसुद्धा शरीराला ताणच देते, आणि हा ताण सायकलचा व तो ताण वॉर्डाचा असा भेद शरीर करत नाही. ही गोष्ट ज्याला उमगली त्याला दोन्ही करता येते. ज्याला उमगत नाही तो कितीही शिस्तीचा असला तरी एका मोसमात थकून बसतो.

पहिली दोन वर्षे या दृष्टीने खरोखर सुखाची असतात. अभ्यास प्रचंड असतो, पण तो बसून करायचा असतो, आणि रात्रीची झोप बहुतांशी आपल्या हातात असते. शिवाय शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास आणि सायकलचा सराव एकमेकांना इतका उजेड देतात की दोन्हींची गोडी वाढते. हृदयात रक्त जितके अधिक भरेल तितक्या जोराने ते आकुंचन पावते, हा फ्रँक आणि स्टार्लिंग यांचा नियम पुस्तकात एका आलेखापुरता असतो; सलग काही आठवडे सराव केल्यावर त्याच चढावर नाडी पूर्वीपेक्षा कमी राहते तेव्हा त्या आलेखाचा अर्थ कळतो. सरावाच्या पहिल्याच दिवसांत रक्तातील प्लाझ्माचे प्रमाण वाढते, हृदय अधिक भरते, प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त बाहेर पडते. विश्रांतीत मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फिरवणारे हृदय कसलेल्या खेळाडूत 30 लिटरांच्याही पुढे जाऊ शकते. हेन्शेन या स्वीडिश वैद्याने 1899 मध्ये बर्फावर स्कीवरून लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्यांची छाती केवळ बोटांनी ठोकून तपासली आणि त्यांचे हृदय मोठे झाल्याचे नोंदवले. तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम चार वर्षे झाली होती. छातीवर बोट ठेवून पहिल्यांदा ठोकायला शिकताना मला हा माणूस आठवत असे, आणि आवाजातील तो बारीक फरक ऐकण्यासाठी मी अधिक वेळ थांबत असे.

पेशींच्या पातळीवरही तेच. हॉलोझी या संशोधकाने 1967 मध्ये उंदरांना फिरत्या पट्ट्यावर धावायला लावून दाखवून दिले की सरावाने स्नायूंतील मायटोकाँड्रियांची, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांची, प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. जीवरसायनशास्त्रातील ज्या चक्रांची नावे पाठ करताना वर्ग कंटाळतो, ती चक्रे लांब पल्ल्याच्या संथ सरावात कोणत्या कामी येतात हे माहीत असले की त्यांचे पाठांतर करावे लागत नाही. सायकलीमुळे माझे गुण वाढले असे मी म्हणणार नाही, कारण तसे सिद्ध करता येणार नाही. वाचलेले समजले की नाही हे तपासायला माझ्याजवळ स्वतःचे एक शरीर होते, इतके मात्र निश्चित.

या वाटेने पूर्वी कोण गेले, हे शोधण्याची ओढ प्रत्येकाला लागते. रॉजर बॅनिस्टर सायकलपटू नव्हता, तरीही त्याचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. 6 मे 1954 रोजी एक मैल 3 मिनिटे 59.4 सेकंदांत धावणारा हा वैद्यकाचा विद्यार्थी त्या दिवशी सकाळी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात होता, आणि दुपारी गाडीने ऑक्सफर्डला गेला. त्याचा बराचसा सराव जेवणाच्या सुट्टीत होत असे. म्हणून तो सराव थोड्या वेळाचा, ठरावीक अंतराच्या वेगवान तुकड्यांचा आणि नेमका असे. त्याच वर्षी मोसम संपल्यावर त्याने स्पर्धा सोडल्या आणि पुढचे आयुष्य मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांना दिले.

सायकलीच्या बाजूने एरिक हायडन आहे. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये बर्फावरील स्केटिंगच्या पाचही शर्यती जिंकल्यावर तो सायकलीकडे वळला, 1986 च्या टूर द फ्रान्समध्ये उतरला, शेवट काही दिवसांवर आला असताना पडून त्याला ती सोडावी लागली, आणि पुढे 1991 मध्ये स्टॅनफर्डमधून वैद्यकीय पदवी घेऊन तो अस्थिशल्यचिकित्सक झाला. म्हणजे त्याने या गोष्टी एकामागून एक केल्या. वैद्यकाचा खरा भार खांद्यावर आला तेव्हा व्यावसायिक शर्यती मागे पडल्या होत्या. क्रिस्टिन थॉरबर्न हिची गोष्ट वेगळी आहे. संधिवाताची तज्ज्ञ डॉक्टर असलेली ही अमेरिकन सायकलपटू 2004 मध्ये अथेन्सला टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध करायच्या शर्यतीत, चौथी आली आणि 2008 मध्ये बीजिंगला पाचवी. या तिघांच्या यशापेक्षा मला त्यांच्या निवडी अधिक शिकवतात. कोणी सराव आखडता घेऊन नेमका केला, कोणी क्रम लावला, आणि थॉरबर्नने जो प्रकार गाठला त्यात आपला वेग आपणच ठरवायचा असतो. या प्रकाराकडे मी पुढे येईन.

परीक्षेचा महिना आला की सायकल बाजूला ठेवावी लागते, आणि अनेक जण त्या वेळी घाबरतात, मेहनत पाण्यात गेली असे मानतात. कॉईल आणि सहकाऱ्यांचा 1984 मधील अभ्यास मला त्या काळात मोठा दिलासा देत असे. वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळाडूंनी सराव पूर्णपणे थांबवला तेव्हा प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या 21 दिवसांत सुमारे 7 टक्क्यांनी आणि 56 दिवसांपर्यंत सुमारे 16 टक्क्यांनी उतरली, पण स्नायूंतील केशवाहिन्यांची दाटी 84 दिवसांनंतरही टिकून होती. पहिली घट मुख्यतः प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी झाल्यामुळे होते, आणि ती लवकर भरूनही निघते. त्यामुळे परीक्षेच्या आधी आठवड्यातून दोनदा थोडा वेळ पण जोर लावून सायकल चालवायची आणि बाकी सर्व वेळ पुस्तकाला द्यायचा, हा माझा परिपाठ राहिला. परीक्षेनंतरच्या पहिल्या शर्यतीत घोळक्याच्या मागच्या भागात राहावे लागते. त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही.

खरा बदल होतो तो वॉर्डात पाऊल ठेवल्यावर. सायकलपटूंमध्ये एक जुना सल्ला फिरतो की बसता येत असेल तर उभे राहू नये आणि आडवे होता येत असेल तर बसू नये. रुग्णालयात नेमके याच्या उलट घडते. शस्त्रक्रियागृहात जखमेच्या कडा बाजूला धरणारे रिट्रॅक्टर हे साधन तासन्‌तास धरून उभे राहावे लागते, राउंडमध्ये खाटांच्या रांगा पायीच पार करायच्या असतात, आणि लिफ्टची वाट पाहण्यापेक्षा जिने चढणे बरे असते. या उभ्या राहण्याची नोंद कोणत्याही सरावाच्या वहीत होत नाही, पण संध्याकाळी पेडलवर पाय ठेवताच ती पायांत जाणवते. गुनार बोर्ग यांनी 6 ते 20 अशी श्रमाची जी मोजपट्टी तयार केली, ती हृदयरुग्णांच्या पट्ट्यावरील चाचणीत आपण रोज वापरतो. रुग्णाला विचारतो, "आत्ता किती कष्ट वाटताहेत?" आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवतो. हाच प्रश्न मी स्वतःला सायकलवर विचारू लागले, तेव्हापासून सरावाचे वेळापत्रक कागदावर जे सांगते त्यापेक्षा या उत्तराला अधिक मान देते. ठरलेला वेग गाठण्यासाठी जर नेहमीपेक्षा स्पष्टपणे अधिक कष्ट पडत असतील, तर त्या दिवशीचा कठीण सराव रद्द होतो.

खाण्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण याबाबत माझ्या सोबतच्या मुली फार सोसतात आणि त्याविषयी बोलत नाहीत. वॉर्डात दुपारचे जेवण टळणे ही रोजची गोष्ट असते. त्यात शर्यतीसाठी वजन कमी असावे असा आग्रह मिसळला, आणि वर सरावाचे श्रम आले, की शरीराला स्वतःच्या मूलभूत कामांसाठी लागणारी ऊर्जाच उरत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे नाव देऊन तिचे परिणाम सविस्तर मांडले: पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, हाडांची घनता घटणे, वारंवार आजारी पडणे, मन खिन्न राहणे. ही अवस्था पुरुषांनाही होते. सायकलमध्ये एक जास्तीचा धोका असा की तिच्यावर शरीराचे वजन हाडांवर पडत नाही, त्यामुळे धावणाऱ्याच्या हाडांना जो थोडा आधार मिळतो तोही सायकलपटूच्या हाडांना मिळत नाही. पाळी थांबणे म्हणजे सराव चांगला चालल्याची खूण आहे असे सांगणारे लोक आजही भेटतात. हे पूर्णपणे चुकीचे आहे, आणि वैद्यक शिकणाऱ्या मुलीने तरी ते ऐकून घेऊ नये. एप्रनच्या खिशात काहीतरी खाण्याचे असणे हे मला स्टेथोस्कोप असण्याइतकेच आवश्यक वाटते.

आता रात्रपाळीविषयी. या लेखातील माझे सर्वांत ठाम मत याच बाबतीत आहे. डॉसन आणि रीड यांनी 1997 मध्ये मोजून दाखवले की सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असल्यासारखा बिघडतो आणि 24 तास जागे राहिल्यावर तो 0.10 टक्क्यांच्या पातळीला जातो. लँड्रिगन यांच्या 2004 मधील अभ्यासात, 24 तास आणि त्याहून लांब पाळ्या करणाऱ्या अतिदक्षता विभागातील इंटर्न डॉक्टरांकडून, त्या पाळ्या काढून टाकलेल्या वेळापत्रकाच्या तुलनेत 36 टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करताना बार्गर आणि सहकाऱ्यांना 2005 मध्ये आढळले की लांब पाळीनंतर घरी जाताना वाहनाचा अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते. अमेरिकेत 2003 पासून निवासी डॉक्टरांना आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा आहे आणि युरोपीय संघाच्या नियमात ती 48 तासांची आहे. ज्या व्यवसायाने हे संशोधन केले त्याच व्यवसायात न झोपण्याचे कौतुक अजून चालू राहावे, हे मला मनापासून खटकते.

म्हणून रात्रपाळीनंतर सायकलवर बसायचे नाही, हा नियम मी कोणत्याही शर्यतीसाठी मोडत नाही. यात घरी परतण्याचा प्रवासही आला. त्या सकाळी मी सायकल रुग्णालयातच ठेवते. न झोपलेला माणूस घोळक्यात पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर चालत असेल, तर त्याच्या एका क्षणाच्या चुकीचे मोल त्याच्या मागचे दहा जण चुकवतात. झोपेतून उठल्यावर संध्याकाळी हलके पाय फिरवणे ठीक आहे, पण जोराचा सराव दुसऱ्या रात्रीच्या पूर्ण झोपेनंतरच. याला शास्त्राचा आधारही आहे. स्पीगल आणि व्हॅन काउटर यांनी 1999 मध्ये निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तर त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता लक्षणीय घटली. सायकलपटूचे इंधन म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन. झोपेवाचून केलेल्या सरावाने दमणूक तेवढी होते, सुधारणा होत नाही, असा माझा स्वतःचा अनुभव आहे आणि या निष्कर्षांशी तो जुळतो.

उलट दिशेनेही हा नियम लागू होतो, आणि त्याविषयी कमी बोलले जाते. सकाळी चार तासांची कठीण शर्यत आणि त्याच रात्री कॅज्युअल्टीची पाळी, असे माझ्याकडून कधीही होणार नाही. तिथे येणाऱ्या रुग्णाला आपली डॉक्टर आज सकाळी कोणत्या क्रमांकाने आली याच्याशी काही देणेघेणे नसते. तिचे डोके ताजे असावे एवढाच त्याचा हक्क असतो. शर्यतीचा अर्ज भरताना मी आधी ड्यूटीचा तक्ता पाहते तो यासाठीच.

टाइम ट्रायल आणि घोळक्याची शर्यत यांतील निवडही हळूहळू या तक्त्यावरच ठरत गेली. टाइम ट्रायलमध्ये माणूस एकटा वाऱ्याशी झगडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने, त्यामुळे थोडा वेग वाढवायलाही फार मोठा जोर लागतो. तो जोर सम ठेवणे हेच कौशल्य. त्याची तयारी खोलीत ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येणाऱ्या स्टँडवर, रात्री दहा वाजता, दार लावून करता येते. घोळक्यात मात्र दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहिल्याने पाव ते तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक शक्ती वाचते, परंतु त्यासाठी इतरांच्या सोबत नियमित चालवण्याचा सराव हवा, आणि नेमका तोच बदलत्या पाळ्यांच्या माणसाला मिळत नाही. पाय तयार असतात, नजर आणि धीर मात्र बोथटलेले असतात. हा फरक मला घोळक्यात गेल्यावर पहिल्या वळणालाच जाणवतो. शेवटच्या वळणावर खांद्याला खांदा लावून जागा मिळवण्याचा आनंद मला टाइम ट्रायलने कधीच दिला नाही, आणि तो सोडताना मला खरोखर वाईट वाटले.

यात हातांचाही विचार होता. पडताना माणूस पंजा टेकतो आणि मनगटातील स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडते. त्याचा रक्तपुरवठा बोटांकडच्या बाजूने मागे येतो, त्यामुळे मागच्या टोकाचे मोडणे जुळायला महिने लागतात आणि कधी जुळतच नाही. गळपट्टीचे हाड मोडणे सायकलपटूंमध्ये याहून अधिक आढळते, पण ते बहुधा चांगले जुळते. स्कॅफॉइडची क्ष-किरण प्रतिमा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याकडे विद्यार्थिनी म्हणून पाहावे की स्पर्धक म्हणून, हे मला ठरवता आले नाही. न पडताही हातांना त्रास होतो. हँडलवर तासन्‌तास भार टाकल्याने मनगटातील गियॉनच्या मार्गात अल्नर मज्जातंतू दाबला जातो आणि करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होते. शिरेत सुई घालायची किंवा टाके घ्यायचे त्या दिवशी ही बधिरता परवडत नाही. हँडलवर जाड पट्टी, हातमोजे, दर काही मिनिटांनी पकड बदलणे आणि मुळात सायकलची बैठक नीट बसवून घेणे, हे उपाय साधे आहेत आणि ते केलेच पाहिजेत.

बालरोग विभागाच्या पोस्टिंगमध्ये सर्दी-खोकला ठरलेलाच असतो. लक्षणे मानेच्या वर असतील तर हलके चालवावे. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल तर अजिबात नाही. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली तर काही काळ, कधी काही महिनेही, स्पर्धा बंद ठेवावी लागते, आणि तापात केलेला कठीण सराव धोकादायक ठरू शकतो. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

शर्यतीत आपल्या पुढे कोणी पडले तर काय करायचे, याचा विचार सुरुवातीच्या ओळीवर उभे राहण्याआधीच झालेला असावा. वैद्यक शिकणाऱ्या स्पर्धकाने थांबावे, असे माझे मत आहे. जवळ मदत पोहोचलेली स्पष्ट दिसत असेल तरच पुढे जावे. थांबून फार काही करायचे नसते, आणि जे करायचे ते आपल्या शिक्षणाच्या पातळीला धरूनच. मागून येणाऱ्यांना हात दाखवून बाजूला काढणे, पडलेल्याला उठवण्याची घाई करणाऱ्यांना आवरणे, मान हलू न देणे, श्वास नीट चालत असेल तर हेल्मेट तसेच राहू देणे. सर्वांत अवघड काम असते ते डोक्याला मार लागलेल्या स्पर्धकाला पुन्हा सायकलवर बसण्यापासून रोखणे. तो ताठ उभा असतो, रागावलेला असतो, "मला काही झालेले नाही" असे ठासून सांगतो, आणि आत्ता शर्यतीचे किती अंतर उरले आहे एवढेही त्याला सांगता येत नाही. त्याची शर्यत तिथेच थांबली पाहिजे. त्याच्याशी बोलत, त्याला बसवून ठेवत रुग्णवाहिकेची वाट पाहताना घोळका दृष्टीआड जातो आणि आपलीही शर्यत संपते. त्याविषयी मला आजवर खंत वाटलेली नाही.

आणि शेवटी सहकारी. रविवारी शर्यत असते म्हणजे रविवारी कोणीतरी माझ्या जागी ड्यूटी करतो. ही गोष्ट सायकलविषयीच्या बोलण्यात फारशी येत नाही, पण माझ्या मते इथेच छंद टिकतो किंवा तुटतो. अदलाबदलीची विनंती तक्ता लागण्यापूर्वी करावी, आदल्या दिवशी कधीच करू नये. बदल्यात दिलेली पाळी त्यांच्या सोयीची असावी, आपल्या नव्हे. आणि अतिदक्षता विभागाच्या महिन्यात विनंतीच करू नये. या वर्षी माझ्या वाट्याला हाच विभाग मोसमाच्या ऐन मध्यावर आला आहे. त्यामुळे त्याआधीच्या दोन टाइम ट्रायल आणि त्यानंतर, पाय साथ देत असतील तर, मोसमाच्या शेवटची एक घोळक्याची शर्यत, एवढेच अर्ज मी भरले आहेत. मधल्या काळासाठी ट्रेनरवर आठवड्यातून दोन वेळा, पाऊण तासाहून अधिक नाही, असे ठरवले आहे, आणि ज्या आठवड्यात झोप अपुरी पडेल त्या आठवड्यात तेही नाही.